फळाची तुती

भर बाजारात, सकाळी दहा वाजता, मी वसानला चोर म्हणाले. आमची पहिली ओळख ती.

खरं तर मी सुकी मासळी घ्यायला गेले होते. यासोथोनचा शनिवारचा बाजार, हिवाळ्याचं कोवळं ऊन, नुकत्याच कापलेल्या भाताचा वास... आणि मासळीवालीच्या पलीकडे उभी असलेली ती गाडी. सगळी पांढरी, एक दार तेवढं निळं. दोन वर्षांपूर्वी याच गाडीवरून मी तुतीची बारा रोपं घेतली होती. विकणाऱ्यानं तेव्हा तोंडाला फडकं बांधलेलं होतं, त्यामुळे चेहरा आठवत नव्हता. पण ते निळं दार मी जन्मात विसरले नसते.

मासळी राहिली बाजूला. मी तरातरा गाडीपाशी गेले.

"तुम्ही चोर आहात."

तो रोपांवर पाणी शिंपडत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मागे पाहिलं. आणखी कोणी उभं आहे का म्हणून.

"मी?"

"तुम्हीच! बारा तुती विकल्यात मला. 'वर्षात फळ धरेल' म्हणालात. दोन वर्षं झाली. एक फळ नाही. एक!"

"मेली का झाडं?"

"मरतील कशाला? माझ्या डोक्यावर गेलीत."

"खत घालता?"

"म्हशीचं शेणखत. दर महिन्याला."

"पाणी?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"आणि छाटणी?"

"छाटायची कशाला? पोटच्या पोरांसारखी वाढवलीत मी ती!"

तो हसला. मोठ्यानं नाही, आतल्या आत... गालात एक खळी पडली आणि लगेच बुजली. मला आणखीच राग आला.

"मग त्यांचं काय चुकलं?" तो म्हणाला. "इतक्या सुखात असलेलं झाड फळेल कशाला? त्याला वाटतं, अजून सगळा जन्म पडलाय. नुसती पानं फुटत राहतात."

"मला पैसे परत नकोत," मी म्हणाले. "फळं हवीत. माघी पौर्णिमेच्या आत."

"पौर्णिमेच्या आत?" तो बोटांवर मोजू लागला. "म्हणजे सत्तर दिवस. घाई कसली आहे इतकी?"

घाई कसली, ते त्याला बाजारात उभं राहून कसं सांगणार होते?

मी बँकॉकला एका हॉटेलच्या धुलाईघरात आठ वर्षं काढली आणि गावी परत आले. आल्यावर अळंबी लावली, ती कुजली. मग खायचे रातकिडे पाळले. एका संध्याकाळी जाळीचं झाकण उघडं राहिलं, आणि पुढचे पंधरा दिवस अख्ख्या गावाच्या छपरांतून माझे रातकिडे गात होते. तेव्हापासून गावात म्हणच पडली, 'रुंगचं आणि धड?' माझं नाव सायरुंग, पण सगळे रुंगच म्हणतात.

तुती हा माझा तिसरा डाव होता. आणि आईला तुती डोळ्यांसमोर नको होती. तिनं तीस वर्षं रेशमाचे किडे पाळले. पहाटे उठून पाला तोडायचा, किड्यांना घालायचा, पुन्हा पाला. "तुती पाल्यासाठी असते," ती म्हणायची, "आणि पाल्यानं माझी कंबर मोडली. परसात ती नकोच."

त्यात प्रचादादानं नवी गाडी घेतली. तो रायोंगला कारखान्यात असतो. माघी पौर्णिमेच्या सुट्टीत येऊन परसात सिमेंट टाकायचं, गाडीसाठी शेड उभी करायची, असं त्यानं आईशी फोनवर ठरवूनही टाकलं. मी रडले नाही, ओरडले नाही. फक्त म्हणाले, "पौर्णिमेला देवळात न्यायला परडीभर फळं दिली तर?"

आई म्हणाली, "दिलीस तर झाडं राहतील. नाहीतर मुकाट्यानं बाजूला व्हायचं."

रोपवाल्याला मी यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "येता का बघायला?"

तो सोमवारी आला. बाराही झाडांभोवती हात मागे बांधून फिरला, मास्तर वर्गात फिरतात तसा. मग म्हणाला, "सगळी पानं काढायची."

"वाळलेली?"

"सगळी. एक ठेवायचं नाही. शेंडे छाटायचे. फांद्या खाली वाकवून जमिनीला बांधायच्या. दहा दिवस पाण्याचा थेंब नाही, आणि मग एके दिवशी भरपूर."

"मारायला आलात की जगवायला?"

"घाबरवायला आलोय. झाड घाबरलं की फळतं." तो थांबला. "तुमच्यानं नसेल होत तर मी करतो. तुम्ही आत जाऊन बसा."

आत जाऊन बसा! मी पहिल्या झाडापाशी गेले आणि ओरबाडायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत आमची बारा झाडं भिक्षू व्हायला निघालेल्या पोरांसारखी गुळगुळीत झाली होती. पाल्याची नऊ पोती भरली. शेजारच्या सोमजित मावशींकडे अजून रेशमाचे किडे आहेत. त्या पोती घेऊन गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "रुंगचं आणि धड?" आई वरच्या ओसरीतून बघत होती.

मग फांद्या वाकवायचं काम. "जोर लावायचा नाही," तो म्हणाला. "हळू... तिचं ऐकत ऐकत. कुरकुरली की थांबायचं. पुन्हा थोडं." मी फांदी धरली होती, त्याचा हात माझ्या हाताच्या जरा वर होता. दोघांच्या हातांत चार बोटांचं अंतर असेल. ते अंतर मला उगाचच सारखं जाणवत होतं...

"तुमचं वय काय?" त्यानं मध्येच विचारलं.

"कशाला?"

"काय म्हणून हाक मारायची ते कळायला. पी रुंग की नुसतं रुंग?"

"सत्तावीस."

"अरेरे."

"अरेरे काय?"

"मी सव्वीस. म्हणजे पी रुंग म्हणावं लागणार. मोठी बहीण."

"मग म्हणा."

तो दोरीची गाठ मारत राहिला. मारून झाली तरी त्याच गाठीशी खेळत राहिला.

"नको," अखेर तो म्हणाला. "एकदा जिभेला वळण लागलं की मग बदलता येत नाही."

मी वळून दुसरी फांदी धरली. माझे कान तापले होते. ऊन होतं म्हणा...

दहा दिवस मी पाण्याची झारी अडगळीत टाकून कुलूप लावलं. झाडं अशी उभी, म्हणजे वाकलेली, की बघवत नव्हतं. अकराव्या दिवशी विहिरीचं पाणी सोडलं. तेराव्या दिवशी पहाटे धुक्यात गेले, तर फांदीच्या पाठीवर ओळीनं हिरवे डोळे. आणि प्रत्येक डोळ्याच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी केसाळ, हिरवं. मी त्याला फोटो पाठवला. विचारलं, 'हे पान की फळ?'

उत्तर फोनवर देता आलं असतं. पण तो अठरा किलोमीटर गाडी हाणत आला. फांदीजवळ डोकं नेलं. मीही नेलं.

"फळ," तो कुजबुजला.

"मग कुजबुजताय काय?"

"माहीत नाही."

त्यानंतर त्याला सारखं काही ना काही काम निघू लागलं. कधी दोरी सैल झालीय का ते बघायचं, कधी हाडांचं खत द्यायचं, कधी रस्ता इकडूनच होता म्हणून. आई एकदा चिकट भाताची टोपली त्याच्यापुढे सरकवत म्हणाली, "रोपवाल्याची गाडी नेमकी आमच्याच दारात बिघडते वाटतं."

"बिघडत नाही, मावशी. दमते."

"मग दुसरी घे."

"गाडी?"

"कारण."

मी पपईच्या कोशिंबिरीत इतकी मिरची कुटली की तिघांनाही ठसका लागला.

जानेवारीत फळं लाल झाली. आणि बुलबुल आले. गावातलेच नाही, मला वाटतं पंचक्रोशीतले. मी घरातल्या जुन्या मच्छरदाण्या काढल्या, सोमजित मावशींच्या मागून आणल्या, झाडांवर घातल्या. फाटलेल्या जागा शिवत मी दिवसभर परसात बसायचे. पहिलं काळं फळ मी आणि वसाननं अर्धं अर्धं खाल्लं. करंगळीएवढंच होतं, त्याचं अर्धं म्हणजे किती? पण त्याचा रस त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात राहिला, आणि तो पूस असं सांगायचं मी मुद्दाम विसरले.

त्याच दिवशी जाताना तो म्हणाला, "मी पुढच्या महिन्यानंतर रोपं विकणार नाही."

मला वाटलं, चेष्टा.

"माझी मोठी झाडं, ज्यांच्या फांद्यांपासून मी रोपं करतो, ती चाळीस झाडं भाड्याच्या जागेत आहेत. मालक जागा परत मागतोय. पुढच्या महिनाअखेर. मी रायोंगला जाईन म्हणतो. कारखान्यात. तुझ्या दादासारखा."

"आणि चाळीस झाडांचं काय?"

"ट्रॅक्टर फिरेल."

तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की त्यातच सगळं कळलं. मला सांत्वन करता येत नाही. मला राग तेवढा येतो.

"फांद्या कापून आण," मी म्हणाले. "इथे लाव. विहिरीपर्यंत सगळी जागा रिकामी आहे."

"रुंग, इथे दोन आठवड्यांत सिमेंट पडणार आहे."

"कोण म्हणालं?"

"सोमजित मावशी. त्यांनीच सांगितलं सगळं... परडीचं पण."

"नाही पडणार," मी म्हणाले. "तू फांद्या कापून ओल्या गोणपाटात ठेव."

आमचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पौर्णिमेला तीन दिवस उरले. झाडं अशी लगडली होती की पानांआधी फळंच दिसत. परडीभर काय, दोन परड्या झाल्या असत्या. पण पिकलेली तुती तोडून ठेवता येत नाही, दुसऱ्या दिवशी तिचं पाणी होतं. म्हणून मी एकालाही हात लावला नाही. आदल्या दिवशी सकाळी तोडायची असं ठरवलं.

आदल्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. फेब्रुवारीत! आमच्याकडे या दिवसांत चिमणी न्हाईल इतकाही पाऊस पडत नाही. पश्चिमेकडून वारा सुटला आणि सोमजित मावशींची कोंबडी उडत आमच्या अंगणात आली. मी वसानला फोन केला. "येतो," एवढंच म्हणाला. रस्त्यावरच होता.

तो ताडपत्री घेऊन पोचला आणि पहिली सर कोसळली. टपोरी, तिरपी, गारांसारखी मारणारी. आम्ही ताडपत्रीचं एक टोक विहिरीच्या खांबाला बांधलं, दुसरं बांबूला. वारा ती हातातून ओढून नेत होता. पायांखाली टपटप, टपटप... तो पाऊस नव्हता, फळं होती. पिकलेली सगळी गळत होती. चिखल जांभळा झाला.

"तोड!" मी ओरडले. "हाताला येईल ते तोड!"

"आधी हे बांधू दे, नाहीतर लाल आहेत तीही जातील!"

त्याचे केस कपाळाला चिकटले होते. सदरा जांभळा. माझ्या बारा झाडांसाठी हा माणूस स्वतःची चाळीस झाडं सोडून इथे भिजत होता. आणि महिन्याभरात रायोंगला जाणार होता. मला एकदम वाटलं, हे आत्ता बोलले नाही तर मी आयुष्यात कधी काही धड करणार नाही.

"वसान, मला तू आवडतोस," मी म्हणाले. "आता ती दोरी घट्ट धर."

त्यानं दोरी सोडली.

ताडपत्री फडकन उलटली आणि तिच्यात साठलेलं सगळं पाणी आमच्या दोघांच्या डोक्यावर आलं.

"धर म्हटलं ना!"

"पुन्हा म्हण."

"दोरी धर!"

"त्याच्या आधीचं."

"आधी दोरी."

त्यानं दोरी धरली. दोन्ही हातांनी. मग मी पुन्हा म्हणाले. वाऱ्यात ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण ती गाठ त्यानं अशी आवळली की नंतर विळ्यानं कापावी लागली.

तासाभरानं पाऊस थांबला. लाल फळं वाचली होती. ती पुढच्या आठवड्यात पिकली असती. पण पौर्णिमा उद्या होती, आणि काळी फळं मिळाली ती एक वाडगं. तेही काठोकाठ नाही.

आम्ही पायरीवर बसलो. माझे हात मनगटापर्यंत जांभळे. त्यानं चिखलातून दोन-तीन लालसर कच्ची फळं उचलली, माझा हात हातात घेतला आणि बोटांवर एक फळ चिरडून चोळू लागला. "पिकल्याचा डाग कच्च्यानं जातो," तो म्हणाला. एकेक बोट... सावकाश, जणू दुसरं काही कामच नाही. डाग फिका होत गेला. माझा श्वास मात्र काही ठिकाणावर येईना.

"मी पहिल्या दिवशीच हरलो होतो," तो बोटाकडे बघत म्हणाला. "भर बाजारात मला चोर म्हणालीस तेव्हा. मला वाटलं, जी बाई बारा झाडांसाठी असं भांडते..."

"पुढे?"

"पुढचं मला बोलता येत नाही. मी रोपं विकतो."

"म्हणजे मीच सगळं बोलायचं?"

"तुला बरं जमतं."

मग तो बोललाच. अगदी कमी शब्दांत, मान खाली घालून. ते मी कुणाला सांगणार नाही.

उठले. वाडगं घेतलं. "चल," मी म्हणाले.

"कुठे?"

"वर. आईकडे."

आई ओसरीत मागाजवळ बसली होती. मी वाडगं तिच्यापुढे ठेवलं. "परडी भरली नाही," मी म्हणाले. "पैज मी हरले. पण झाडं तुटणार नाहीत, आई. पैजेचं नाव मी घेतलं, ते चुकलं माझं. पैज लावायचीच नव्हती. मला हे परस हवंय. या बारांचं आणि आणखी चाळिसांचं. दादाला मी सांगते."

आई माझ्याकडे नाही, वाडग्याकडे बघत होती. एक फळ उचललं. बोटांत फिरवलं. तोंडात टाकलं.

"आंबट आहे," ती म्हणाली.

दुसरं उचललं.

तिसरं खाल्ल्यावर म्हणाली, "तीस वर्षं तुती लावली. फळ कधी धरूच दिलं नाही. फळ धरलं की पाला कमी. कळी दिसली की कापायची. कशी लागते तेसुद्धा माहीत नव्हतं मला." आणि चौथं उचललं. तिचे ओठ जांभळे झाले होते. लहान मुलीसारखी दिसत होती.

मी तिच्यासमोरच दादाला फोन लावला. तो वाटेत होता. बोलायला सुरुवात केली तर मध्येच ओरडला, "मग माझी गाडी कुठे लावू?"

"चिंचेखाली."

"पक्षी घाण करतात तिथे!"

"धुऊन देईन. आठ वर्षं धुलाईच केलीय मी."

"सिमेंट सांगून ठेवलंय मी!"

"मग विहिरीभोवती ओटा बांध. रोपं ठेवायला लागेलच. आणि दादा, दोन दिवस तुझी गाडी हवीय. चाळीस झाडांच्या फांद्या आणायच्यात."

मग दादा म्हणाला, "आईला दे फोन."

आईनं फोन घेतला, ऐकलं. "हो," म्हणाली. "नाही... हो. आंबट आहेत, पण बऱ्या आहेत. तुझ्यासाठी ठेवते का बघते." आणि वाडग्यावर हात ठेवून फोन बंद केला.

वसान अजून दारातच उभा होता, ओसरी ओली होऊ नये म्हणून. पाणी निथळत होतं. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. आईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"झाडं लागली परसात," ती म्हणाली. "आणि याला कुठे लावायचं?"

तो पुढे झाला, हात जोडले, मान लववली. "मावशी, मी कुठेही रुजतो. फक्त जागा मालकीची हवी."

"मालकीण समोर उभी आहे. तिला विचारलंस?"

"तिनंच विचारलं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. खाली अंगणात सोमजित मावशी आपली कोंबडी शोधत होत्या, आणि आमच्याकडचं एक अक्षरही सोडत नव्हत्या.

"पौर्णिमा होऊ दे," आई शेवटी म्हणाली. "मग तुझ्या आई-बापांना घेऊन ये. रीतसर. आणि येताना गाडी दमली तर बैलगाडीनं ये, पण ये."

"येतो," वसान म्हणाला.

"आता जा, डोकं पूस. रुंग, याला कोरडा सदरा दे दादाचा. आणि भात वाढ... तिघांना."